मृतांसाठी राखीव आठ पानं

सभागृहात तीनशे साठ खुर्च्या होत्या आणि चारशे एकतीस माणसं. मी दोनदा मोजली. दुसऱ्या वेळी चारशे तेहेतीस भरली, कारण मधल्या वेळात दोघं जण दारातून आत सरकले होते. व्यासपीठावर एक टेबल. टेबलावर काळ्या कापडाने झाकलेली एक पेटी, पेटीच्या डावीकडे एकाच पुस्तकाच्या चौदा प्रती, उजवीकडे पाण्याचा पेला. पंखे आठ, त्यातले चालू सहा. तापमान एकोणतीस अंश. भुतं, अजून तरी, शून्य.

मी मावशीशेजारी पहिल्या रांगेत बसले होते. मावशी आमच्या भागातल्या वाचनालयाची ग्रंथपाल. एकतीस वर्षं तीच खुर्ची, तेच टेबल. कार्यक्रम वाचनालयानेच भरवला होता, म्हणून तिला पहिली रांग. मी तिच्याकडेच राहते. रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि औषधांच्या शीतगृहात नोकरीला लागले. कुठल्या खोलीत किती अंश, ते दिवसभर मोजायचं आणि लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे माझ्या पर्समध्ये कंगवा नसला तरी तापमापक असतो. पिस्तुलासारखा दिसतो, नुसता रोखला की लांबच्या वस्तूचं तापमान सांगतो.

टाळ्या झाल्या आणि गूढाचार्य आले. पुस्तकांवरही ते हेच नाव लावत. बंद खोल्या, पुरलेल्या पेट्या, आरशामागची दारं, असल्या विषयांवर अकरा पुस्तकं. वाचनालयात त्यांच्या प्रतींना रांग लागे.

“मित्रहो,” त्यांनी माइक ओठांना लावला, “मृत्यू हा पूर्णविराम नाही. स्वल्पविराम आहे! आणि स्वल्पविरामानंतर कोण लिहितं? तेच लिहितात! आत्मा म्हणजे काय? कंपन. कंपन म्हणजे काय? क्वांटम. आणि क्वांटम म्हणजे काय ते खुद्द शास्त्रज्ञांनाही कळलेलं नाही. मला कळलंय.”

चारशे तेहेतीस माणसांनी माना हलवल्या. एकानेही “मग आम्हालाही सांगा” म्हटलं नाही.

पद्धत अशी. त्यांच्या नव्या पुस्तकाच्या शेवटी आठ कोरी पानं होती. पहिल्यावर फक्त एवढंच छापलेलं: ‘मृतांसाठी राखीव’. निरोप हवा असेल त्याने आपली प्रत तीन दिवस आधी, नाव घालून, त्यांच्याकडे ‘जागृत करायला’ द्यायची. कार्यक्रमात ते ती प्रत उघडून कोरं पान सगळ्यांना दाखवत, पेटीत ठेवत आणि डोळे मिटून पुटपुटत. पेटीच्या फटीतून पांढरा धूर टेबलावरून खाली ओघळे. पुढच्या रांगेला गारवा लागे आणि बायका पदर आवळून घेत. त्यांच्या अकराही पुस्तकांत लिहिलेलंच होतं की मेलेलं माणूस आलं की आधी थंडी येते. मग पुस्तक बाहेर निघे आणि कोऱ्या पानावर निळी अक्षरं असत.

तिसरा नंबर बेकरीवाल्याचा होता. गूढाचार्यांनी वाचलं: “दादा, पाण्यात फार थंडी होती. तू हात दिला नाहीस. तुझा धाकटा.”

बेकरीवाला गोंधळला. “अहो, मला भाऊच नाही. पाच बहिणी आहेत.”

गूढाचार्य मात्र हसले. “या जन्मी नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी जाईपर्यंत बेकरीवाला त्या भावासाठी दोनदा रडला.

सातवा नंबर मावशीचा. तिने प्रत दिल्याचं मला माहीतच नव्हतं.

“आई, मी घुबड. शनिवारीच नेलं असतंस तर मी असते. मी तुला अजून माफ केलेलं नाही. गोळ्यांनी तुझे कान बंद झालेत. त्या सोड, म्हणजे मी ऐकू येईन.”

घुबड म्हणजे माझी मावसबहीण. चार वर्षांपूर्वी, सतराव्या वर्षी, मेंदूज्वराने गेली. रात्रंदिवस वाचत बसायची म्हणून मावशी तिला घुबड म्हणायची, आणि ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तिला ताप आला शनिवारी. मावशीने डॉक्टरकडे नेलं सोमवारी.

मावशीने ते पुस्तक छातीशी धरलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही, म्हणून तापमापक काढून पेटीवर रोखला. उणे चौतीस अंश.

“मावशी, गोळी,” दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी पुढे केली.

“नको.”

“रक्तदाबाची आहे. जिभेचे चोचले नाहीत.”

“घुबड म्हणालीय ना, सोड म्हणून.”

“पेटीत कोरडा बर्फ आहे, मावशी. आमच्याकडे लसी पाठवायला वापरतात तोच. धूर त्याचाच, थंडीही त्याचीच. आणि गोळ्यांची डबी तुझ्या टेबलावर दिवसभर पडलेली असते, ती आंधळ्यालाही दिसेल.”

“आणि घुबड? तेही टेबलावर पडलेलं होतं का?”

गोळी डबीतच राहिली.

पाचव्या दिवशी मी तिला ओढूनच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण मावशीला त्याच लागतात. त्यांनी दंडाला पट्टा बांधला आणि आकडा मला दाखवला. एकशे शहाऐंशी, एकशे बारा.

“हे असंच राहिलं तर एक दिवस मेंदूतली शीर फुटेल,” त्या म्हणाल्या. मावशी भिंतीकडे बघत होती. मला दाराशी नेऊन त्यांनी आवाज खाली आणला. “तिला बांधून गोळी भरवता येत नाही गं. तू तिच्या डोक्यातलं ते काढ. पुढचं मी बघते. पण लवकर काढ.”

मी काही गूढाच्या पुस्तकांची वैरीण नाही. मी त्यांच्यावरच वाढले. अंधाऱ्या जिन्यावर पावलं वाजली की माझ्याही अंगावर काटा येतो, आणि तो यावा म्हणूनच मी ती पुस्तकं घेते. पण चांगल्या रहस्यकथेचा लेखक शेवटच्या पानावर दिवा लावतो. पावलं कुणाची होती ते सांगतो. आपण हुश्श करतो, पुस्तक मिटतो आणि जेवायला बसतो. गूढाचार्यांच्या अकरा पुस्तकांपैकी एकातही दिवा लागत नाही. वाचक अंधारातच राहिला तर पुढच्या कार्यक्रमाला येतो. त्या दिवशीच्या चौदाही निरोपांत काहीतरी सोडायला सांगितलं होतं किंवा कुणालातरी दोष दिला होता. असा निरोप ऐकल्यावर दुसरा ऐकल्याशिवाय कुणाला झोप लागणार?

मावशीला चक्कर येऊ लागली तशी तिची वाचनालयातली कामं मी सुट्टीच्या दिवशी करू लागले. कार्डं लावायची होती. आमच्या वाचनालयात प्रत्येक वाचकाचं एक जाड कार्ड आहे. पुढच्या बाजूला नेलेली पुस्तकं, आणि मागच्या बाजूला मावशीची पेन्सिल. वाचकाला काय द्यावं हे लक्षात राहावं म्हणून ती टिपून ठेवते. ‘आई नुकतीच गेली. रडवणारं देऊ नये.’ ‘मुलगा दूर. जाडजूड द्यावं, महिनाभर पुरेल असं.’ ‘नवऱ्याशी भांडून आली. विनोदी.’ एकतीस वर्षांत तिने एकाही वाचकाला विचारून पुस्तक दिलेलं नाही. बघून द्यायची.

बेकरीवाल्याच्या कार्डामागे लिहिलं होतं: ‘धाकटा भाऊ बुडाला. समुद्राची पुस्तकं नकोत.’

मी ते तीनदा वाचलं. त्याच्या मागचं कार्ड घड्याळजीचं. घड्याळजीचा धाकटा भाऊ खरोखरच बुडाला होता, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्याच्या कार्डाची मागची बाजू कोरी होती. मावशीने घाईत पुढच्याच कार्डावर लिहिलं होतं.

चूक मावशीची होती. मग ती चूक परलोकात कशी पोचली?

पहिल्या कार्यक्रमाचे चौदा निरोप मी वहीत उतरवून घेतले होते. चौदा कार्डं काढली. निरोपातली माहिती कार्डावर सापडली चौदापैकी चौदा वेळा. शेवटचं कार्ड घुबडाचं होतं. मावशीने ते अजून खणात ठेवलं होतं. मागे पेन्सिलीने: ‘शनिवार. घुबडाला ताप. हलकी गोष्ट नेली. डॉक्टर सोमवारी.’

मी खणाशेजारी फरशीवर बसले. तोवर मला तो माणूस खोटा ठरायला हवा होता. आता तेवढ्यावर भागणार नव्हतं. आता त्याचं हसं व्हायला हवं होतं, चारशे माणसांसमोर, माइक चालू असताना.

घरी येऊन मावशीपुढे कार्डं मांडली. तिला आठवलं. कार्यक्रमाआधी गूढाचार्य तीन दुपारी वाचनालयात येऊन बसले होते. “माझे वाचक कोण ते मला पाहू द्या, ताई,” म्हणाले, आणि तिने भारावून सगळे खण त्यांच्यापुढे उघडले. वर चहा पाजला.

“बघितली असतील कार्डं,” ती कार्डं गोळा करत म्हणाली. “पण कोऱ्या पानावर अक्षरं कुठून आली? ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ते सांग, मग मी गोळी घेते.”

प्रश्न रास्त होता. मी तिचं पान तपासायला मागितलं, तर तिने पुस्तक उशीखाली सरकवलं.

उत्तर कामावर सापडलं, तेही रोज डोळ्यांसमोर असलेलं. काही औषधांच्या खोक्यांवर आम्ही एक पट्टी लावतो. खोकं तापलं की पट्टीचा रंग बदलतो. तसा रंग पेनात भरला तर? मी स्टेशनरीच्या दुकानात गेले. “खोडता येणारं पेन आहे का, निळं?”

“हे घ्या. मागचा रबर घासला की अक्षर गायब. मुलं फार नेतात,” दुकानदार म्हणाला. “पण ताई, वही उन्हात गाडीत ठेवू नका हं. परवा एकाचा अख्खा निबंध उडाला. माझ्याशी भांडायला आला होता.”

रबर खोडत नाही. रबराच्या घर्षणाची उष्णता खोडते. मी एक ओळ लिहिली आणि पानावर गरम पेला टेकवला. साधारण चौसष्ट अंशांना ओळ गेली. पान निवलं तरी कोरंच राहिलं. मग शीतगृहात नेलं. उणे तेरा अंशांना ओळ परत आली, एकही मात्रा न गमावता.

दुसऱ्या कार्यक्रमाची पाटी लागली होती आणि गूढाचार्य पुन्हा दुपारी कार्डं चाळायला येणार होते. मी खणात घालायला एक नवं कार्ड केलं. डॉक्टरीणबाईंचं नाव, आणि मागे मावशीच्या अक्षराची जमेल तेवढी नक्कल: ‘शिवणकाम करते. नवरा बोट उलटून गेला. हळवी आहे.’

“हळवी?” डॉक्टरीणबाईंनी कार्ड वाचून मला विचारलं. “बरं. पण ह्यांना मारलंस ते ह्यांना सांगितलंयस का?”

त्यांच्या यजमानांनी आनंदाने मरायचं कबूल केलं.

कार्ड खणात गेलं, डॉक्टरीणबाईंची प्रत गूढाचार्यांकडे. दुसऱ्या वेळी सभागृहात चारशे शहाण्णव माणसं होती. टेबलावर नऊ प्रती. गूढाचार्यांनी चौथ्या नंबरला डॉक्टरीणबाईंना वर बोलावलं, तेव्हा मावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत राहिले.

धूर, पुटपुट, थंडी. पान उघडलं.

“प्रिये,” गूढाचार्यांचा आवाज कापरा झाला, “बोट उलटली तेव्हा ओठांवर तुझंच नाव होतं. आता मी पाण्याखाली शांत आहे. तू ते शिवणयंत्र सोड. त्याच्या आवाजात माझी हाक बुडते.”

“शिवण मी रोज घालते,” डॉक्टरीणबाई माइकमध्ये म्हणाल्या, “पण माणसांना. मी डॉक्टर आहे. माझ्याकडे शिवणयंत्र नाही.”

तिसऱ्या रांगेतून त्यांचे यजमान उठले. “आणि तो पाण्याखालचा मी. पोहता येत नाही म्हणून आजवर बोटीत पाय ठेवलेला नाही. शिवाय हिला ‘प्रिये’ म्हणायची हिंमत मला जिवंतपणी झाली नाही, ती मेल्यावर कुठून येणार?”

हसू मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पुढे आलं.

“नकारात्मक कंपनं!” गूढाचार्य ओरडले. “इथे कुणीतरी नास्तिक बसलंय! दुष्ट आत्मे असल्या वेळी थट्टा करतात!”

“बसलेलं नाही, उभं आहे,” मी म्हणाले आणि वर चढले. माझ्या हातात लसी नेण्याचा निळा डबा होता, कोरड्या बर्फाने भरलेला, शीतगृहातून रीतसर परवानगीने आणलेला. दुसऱ्या हातात उकळत्या पाण्याचा थर्मास आणि स्टीलचा पेला. “अजून पाच प्रती उरल्यात. त्यांवर मंत्र झालेला नाही. यातली कुणाची प्रत मी उघडू?”

“माझी!” बेकरीवाला धावतच वर आला. पान कोरं आहे ते त्याने स्वतः सगळ्यांना दाखवलं. मी पुस्तक डब्यात ठेवलं.

“मंत्र नको म्हणायला?” त्याने दबक्या आवाजात विचारलं.

“म्हणा की. तेराचा पाढा म्हणा.”

त्याने खरंच सुरुवात केली. मग पहिली रांग म्हणू लागली, मग सगळे. तेरा सत्ते एक्याण्णवला मी पुस्तक बाहेर काढलं. निळी अक्षरं स्पष्ट होती: ‘दादा, अजून थंडीच आहे. सोमवारी भट्टी पेटवू नकोस.’

बेकरीवाल्याने ते वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. “म्हणजे हा घरूनच लिहून आणतो?”

मी पेल्यात पाणी ओतलं आणि पेला ओळीवरून फिरवला. सोमवार गेला, भट्टी गेली, दादा गेला. मी पेन दाखवलं, दुकान सांगितलं. मग कार्डांबद्दल सांगितलं, कुणाच्या कार्डावर काय आहे ते न सांगता.

मागच्या बाजूने घड्याळजी उठला. कधी न बोलणारा माणूस. “तो बुडालेला भाऊ माझा होता,” एवढंच म्हणाला आणि उभाच राहिला.

आता कुणी हसत नव्हतं. मावशी पायऱ्या चढून वर आली. तिने गूढाचार्यांच्या हातातला माइक काढून घेतला, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा.

“माझ्या मुलीचं कार्ड तुम्हाला कितव्या खणात मिळालं?”

“ताई, हे सगळं गैरसमजातून—”

“खण कितवा?”

त्यांनी पेटीकडे पाहिलं. पेटीतून धूर निघतच होता. त्याला थांबवायची सोय नव्हती.

“मी लोकांची दुःखं पेन्सिलीने लिहिली, कारण मला पुस्तक नीट द्यायचं होतं,” मावशी सभागृहाकडे वळली. “ती कुणापुढे उघडली, हा माझा गुन्हा. त्याची माफी मागते. आज ती सगळी टिपणं खोडते. भुतांची पुस्तकं तुम्हाला पूर्वीसारखीच देईन. खुशाल घ्या, घाबरा, मजा करा. पण उद्या कुणी म्हणाला की हे खरंच आहे, तर त्याला विचारा, कसं? दुसऱ्या माणसाच्या हातून होईल का? मंत्राशिवाय होईल का? हे विचारल्याने कुणाचं मेलेलं माणूस रागावत नाही. रागावतो तो फक्त हा.”

गूढाचार्य मागच्या दाराकडे निघाले. त्याला कुलूप होतं. ते मीच लावलं होतं. मग त्यांना खुर्च्यांच्या मधून, पुढच्या दाराने जावं लागलं. कुणीतरी पुन्हा तेराचा पाढा सुरू केला. दारापर्यंत चौऱ्याऐंशी पावलं झाली.

दुसऱ्या दिवशी मावशीने त्यांची अकराही पुस्तकं ‘अध्यात्म’च्या कपाटातून काढून ‘विनोद’च्या कपाटात लावली.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई आमच्याबरोबर घरी आल्या. मावशीने चहा ठेवला आणि पाठमोरीच विचारलं, “शनिवारी आणलं असतं तर वाचली असती का?”

“मला माहीत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. शनिवारचा ताप कुणालाही साधाच वाटला असता, मलाही. पण मला माहीत नाही. आणि त्यालाही माहीत नव्हतं.”

मावशीने गॅस बंद केला. डबी उघडून गोळी घेतली, वर पाणी प्यायली. मग आत जाऊन उशीखालचं पुस्तक आणलं, पान उघडून टेबलावर ठेवलं आणि चहाचं कढत पाणी स्टीलच्या पेल्यात ओतलं.

“मी फिरवते,” मी म्हणाले.

“तू मोज.”

मी तापमापक रोखला. ती पेला सावकाश, ओळीमागून ओळ सरकवत राहिली. शनिवार आधी गेला. मग गोळ्या. ‘माफ’ हा शब्द सगळ्यांत शेवटी गेला.

चौसष्ट अंश.